पानिपतात टिकलेलं पान

‘‘अगं, माझ्या बागेचं पार पानिपत झालं!’’

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. आता मराठी माणसाच्या घरात दिवसाकाठी एखादं पानिपत होतच असतं. मुलाच्या गणिताच्या पेपरचं होतं, निवडणुकीत उभ्या राहिलेल्या मेहुण्याचं होतं, नव्या सुनेच्या पुरणपोळीचंही होतं. पण ताईच्या बोलण्यातली गंमत अशी, की ती खरोखरच पानिपतात राहते. भाऊजी तिथल्या रिफायनरीत नोकरीला लागले त्याला आता अकरा वर्षं झाली. ताई माझी आतेबहीण. माहेर रत्नागिरीचं, सासर पुण्याचं आणि संसार हरियाणात!

‘‘काय गेलं?’’ मी विचारलं.

‘‘चौथा होस्टा गेला. आता एकच उरलाय. तू दिल्लीला येणार आहेस ना जूनमध्ये? मग ये इकडे. निदान तो तरी बघून जा.’’

होस्टा हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द सांगते. जपान, कोरिया आणि चीन हा त्याचा मुलूख. झाड गुडघाभर उंचीचं. जमिनीतल्या गड्ड्यातून थेट पानांचा झुबका वर येतो. पान अळूच्या पानाएवढंही होतं, शिरा मात्र कर्दळीसारख्या खोल, एका दिशेनं वळत गेलेल्या. कुणी निळसर, कुणी पोपटी, कुणाला पांढरा काठ. निकोलाउस होस्ट नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ १८१२ साली त्याला हे नाव मिळालं. अमेरिकेत घराच्या मागच्या सावलीत हे झाड नाही असं अंगण शोधावं लागेल. ताईनं ते लेकीकडे न्यू जर्सीत पाहिलं. मेपलच्या झाडाखाली ओळीनं लावलेलं. परत आली ती मनात होस्टा घेऊनच. पुढे सहा वर्षांपूर्वी कसौलीच्या वाटेवर एका हौशी बाईंच्या बागेत तिला पाच जातींचे गड्डे मिळाले आणि ती ते गाडीच्या डिकीतून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, पानिपताला घेऊन आली.

थंड, ओलसर, सावलीतलं झाड आणि पानिपताचा जून! आमच्या संपादकांना मी विषय सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘जा. आपल्या मासिकांत पानिपतावर लिहिणारे सगळे जानेवारीत जातात. तू जूनमध्ये जाऊन बघ.’’

लू आणि बाबर

दिल्लीहून उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटर. रस्ता तोच जुना, फौजांचा आणि व्यापाऱ्यांचा. आज तो ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. सोनीपत मागे टाकलं, मुरथलच्या ढाब्यावर लोण्याचा गोळा घातलेला पराठा खाल्ला आणि खिडकी उघडायची चूक केली. तोंडावर भट्टीचं दार उघडावं तसा वारा आला. हीच ती लू. दोन्ही बाजूंना शेतं मोकळी. गहू कधीच घरात गेलेला, भाताची लावणी अजून व्हायची. हरियाणानं २००९ साली कायदाच केला, की १५ जूनच्या आधी भात लावायचा नाही. ऐन उन्हाळ्यात शेतात उभं केलेलं पाणी निम्मंशिम्मं आभाळात जातं आणि जमिनीखालची पातळी खाली जाते, म्हणून. बागकाम करणाऱ्या बाईला जे कळतं ते सरकारलाही कळलं, एवढाच त्याचा अर्थ!

गावात शिरलं, की डोक्यावर लांबच लांब उड्डाणपूल आणि खाली चादरी, सतरंज्या, पायपुसणी यांची दुकानं. पानिपत म्हणजे विणकरांचं गाव. आणखी एक धंदा इथे मोठा आहे. जगभरच्या थंड देशांतले जुने लोकरी कोट आणि स्वेटर इथे गाठोड्यांनी येतात. ते फाडून, पिंजून, त्याचं पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणतात. ताईच्या बागेत या ब्लँकेटांचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

मॉडेल टाऊनमधल्या ताईच्या घरी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. भाऊजींनी दारातच फर्मान काढलं, ‘‘पाचपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. इथे या दिवसांत बाहेर फक्त पाहुणे आणि पोस्टमन फिरतात.’’ पन्हं पिऊन आम्ही कूलरसमोर बसलो. पारा ४४ वर होता.

संध्याकाळी ताई मला आधी बागेत न नेता काबुली बागेत घेऊन गेली. पानिपताची पहिली लढाई १५२६ च्या एप्रिलमध्ये झाली. इब्राहिम लोदी पडला, बाबर जिंकला आणि त्या विजयाची खूण म्हणून वर्ष-दोन वर्षांत त्यानं इथे मशीद आणि बाग उभारली. मशीद आहे, विटांची, रुंद घुमटाची. बाबराची बाग मात्र राहिलेली नाही.

‘‘हा माझा गुरू,’’ ताई म्हणाली. मी चमकले. पण तिचं म्हणणं ऐकल्यावर पटलं. बाबरानं आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या तक्रारींचा पाढा वाचला आहे. त्यात तीन गोष्टींवर त्याचा विशेष राग : उकाडा, सोसाट्याचा वारा आणि धूळ. लढाई जिंकून आग्र्याला पोचल्यावर त्या उन्हाळ्यात त्याची माणसं लूनं पटापट पडू लागली. सरदार म्हणाले, काबूलला परत जाऊ. तो राहिला आणि त्यानं पहिलं काम कोणतं काढलं, तर विहिरी खोदून बाग आखण्याचं. सुरुवातीला त्याचा सगळा जीव काबूलच्या खरबुजांत आणि द्राक्षांत. ती त्यानं इथेही लावून पाहिली. पण पुढे त्याच पुस्तकात तो इथली फुलं एकेक करून लिहितो. जास्वंद, कण्हेर, केवडा, चमेली. ग्वाल्हेरला लाल कण्हेर दिसली तेव्हा ती उचलून आग्र्याच्या बागेत लावली.

‘‘म्हणजे बघ,’’ ताई म्हणाली, ‘‘आधी माहेरचं झाड रुजवायचा हट्ट, मग इथलं जे टिकतं त्याच्याशी ओळख. माझंही तेच झालं. फक्त मला सहा वर्षं लागली.’’

पानिपताच्या जूनमध्ये सगळीकडे फुललेली दिसते ती कण्हेरच. रस्त्याच्या दुभाजकात, धुळीनं माखलेली, पाण्यावाचून उभी. सोबतीला बोगनवेल, बहावा आणि दारादारांत मोगरा.

पाच कुंड्यांची बखर

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ताईनं मला उठवलं. तिची बाग म्हणजे घराच्या उत्तरेची आठ हात रुंदीची पट्टी. वर हिरवी जाळी, भिंतीला लागून पडवी. इथे ऊन फक्त सकाळी तासभर आणि तेही कोवळं. पडवीत कोपऱ्यात एक कुंडी होती आणि तिच्यात तो उरलेला होस्टा. साधं, फिकट हिरवं, तकतकीत पान. काठ नाही, रंग नाही. लांबून मला तर तो केळीच्या पिल्लासारखा वाटला.

मग ताईनं बाकीच्या चौघांची बखर सांगितली.

‘पॅट्रियट’ पहिल्याच जूनमध्ये गेला. त्याच्या पानाला रुंद पांढरा काठ असतो. दिसायला देखणा, पण त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो आधी करपतो आणि करपलेलं पान पुन्हा सुधारत नाही. ‘हॅल्सियन’ निळसर. तो निळेपणा म्हणजे पानावरचा मेणाचा पातळ थर. उन्हात तो थर गेला आणि महिन्याभरात निळं पान हिरवं झालं. पण पान जाड, म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यातूनही निभावला आणि मग जुलैच्या पावसात, कुंडीचं भोक बुजल्यामुळे, गड्डा कुजून गेला. म्हणजे उन्हानं सोडलं ते पाण्यानं नेलं. ‘ऑगस्ट मून’ पिवळा. पिवळ्या जातींना थोडं ऊन सोसतं असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते ऊन न्यू जर्सीचं! इथे तो दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा लहान होत गेला आणि चौथ्या वर्षी उगवलाच नाही.

चौथा ‘ग्वाकामोली’. पोपटी पान, गडद काठ. २००२ साली अमेरिकेत वर्षाचा होस्टा म्हणून निवडला गेलेला. तो पाच उन्हाळे टिकला. यंदा ताई आणि भाऊजी एका लग्नासाठी दोन दिवस चंदीगडला गेले. शेजारच्या मुलाला पाणी घालायला सांगितलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं घातलं, पण दुपारी दोन वाजता. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी जूनमध्ये दुपारी हातावर घेववत नाही. मुळं अक्षरशः उकडली.

‘‘चूक माझी,’’ ताई म्हणाली. ‘‘पाणी घाल म्हणाले, कधी घाल ते नाही सांगितलं.’’

उरला तो पाचवा. ‘होस्टा प्लांटाजिनिया’. ही माणसानं तयार केलेली जात नव्हे, चीनमधली मूळ रानटी जात. बहुतेक होस्टांच्या फुलांना वास नसतो, हिच्या फुलांना मात्र सुगंध. शुभ्र, बोटभर लांब फुलं ऑगस्टमध्ये येतात आणि संध्याकाळी उमलतात. चिनी लोक तिला जेड रत्नाच्या आकड्याची उपमा देतात, बायका अंबाड्यात खोवतात त्या. मिटलेली कळी खरंच तशी दिसते. मुलूख उबदार असल्यामुळे उन्हाळा सोसण्याची ताकद हिच्यात सगळ्यांत जास्त. ‘ग्वाकामोली’ हिच्याच वंशातला, ‘रॉयल स्टँडर्ड’ही. उष्ण मुलखात होस्टा लावायची कुणाला हौस असेल तर या घराण्यातलाच शोधावा. पांढऱ्या काठाचे आणि निळे फोटोत बघावेत.

आता ताईचं जुलूम तंत्र. कुंडी मातीची, तीही एका मोठ्या कुंडीत बसवलेली. दोहोंच्या मधल्या फटीत वाळू, ती सतत ओली. मोठ्या कुंडीला बाहेरून ब्लँकेटाची चिंधी गुंडाळलेली आणि तीही ओली. माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो, तेच. ब्लँकेटाच्या गिरणीबाहेर किनारीचे तुकडे वजनावर मिळतात. कुठल्या तरी बर्फाळ देशातल्या माणसाचा कोट पानिपतात पिंजला जातो आणि जूनमध्ये एका चिनी झाडाला गारवा देतो! मातीवर दोन बोटं गव्हाचा भुसा, इकडच्या भाषेत तूडी. पाणी पहाटे एकदाच, रात्री बादलीत काढून ठेवलेलं. कूलरचं निथळणारं पाणी तिनं पहिल्या वर्षी वापरलं होतं. पण त्या पाण्यात क्षार साठत जातात. पानांची टोकं तपकिरी झाली आणि ती शहाणी झाली. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं त्याचंही तेच. पुष्कळ गृहिणी काटकसर म्हणून ते कुंड्यांना घालतात. त्यानं फरशी पुसावी.

इतकं करूनही जूनमध्ये होस्टा वाढत नाही. नुसता श्वास धरून बसतो. पावसाची पहिली सर आली, की नवं पान काढतो.

थंडी ज्याला हवी

‘‘मग एवढा आटापिटा कशाला? पुण्यात नेऊन लाव की. तिथे कुठे ४४ असतं?’’ मी सहज म्हणाले.

ताई काही बोलली नाही. भाऊजी वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, ‘‘तेच तर दुखणं आहे.’’

भाऊजी येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. पुण्यात कोथरूडला फ्लॅट तयार आहे. आणि होस्टा पुण्यात जगत नाही. उन्हाळ्यामुळे नाही, हिवाळ्यामुळे. त्याला वर्षातून काही आठवडे खरीखुरी थंडी लागते. पानं पिवळी पडून गळतात, गड्डा जमिनीत झोपतो आणि त्या झोपेत पुढच्या वर्षीचे कोंब तयार होतात. झोप पुरी झाली नाही तर झाड दर वर्षी खंगत जातं. पुण्यात डिसेंबरात दोन-चार दिवस स्वेटर निघतात, मुंबईत तेही नाही. पानिपतात मात्र डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं, दिवस दिवस सूर्य दिसत नाही आणि एखाद्या रात्री पारा चार-पाचावर उतरतो. या जातीला तेवढी थंडी पुरते. कमी थंडीच्या मुलखातले काही हौशी लोक गड्डे फ्रिजमध्ये झोपवतात, असं मी ताईला सांगून पाहिलं. भाऊजी म्हणाले, ‘‘आमच्या फ्रिजमध्ये पचरंग्या लोणच्याच्या बरण्या झोपतात.’’ पानिपतच्या त्या लोणच्यावर त्यांचा फार जीव.

संध्याकाळी आम्ही काला आंबला गेलो. गावापासून आठेक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध. राखलेलं उद्यान, विटांचा उंच स्तंभ. जिथे हा स्तंभ आहे तिथे म्हणे आंब्याचं मोठं झाड होतं आणि लढाईतल्या रक्तानं ते काळं पडलं. झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाचे दरवाजे केले, असंही सांगतात. रक्तानं झाड काळं पडतं का, हा प्रश्न तिथे उभं राहून विचारवत नाही. १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी. शाळेतल्या पुस्तकातली नावं इथे अचानक माणसांची वाटू लागतात. नोव्हेंबरपासून अडीच महिने छावणी इथे अडकून पडली होती. रसद तुटलेली, जनावरं मरत होती, धान्य संपलेलं. आणि दख्खनच्या माणसाला न सोसणारी थंडी.

ताई स्तंभाकडे पाहत म्हणाली, ‘‘सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा जानेवारी होता. इथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एवढ्या थंडीत उपाशीपोटी कसे लढले असतील गं? मी तेव्हापासून थंडीला शत्रूच मानायचे. मग हा होस्टा आला. जानेवारीत कुंडी नुसती मातीची दिसते. मी रोज धुक्यात जाऊन बघते आणि मनात म्हणते, पडू दे अजून थोडी.’’

उद्यानात माळीबुवा पाइपनं पाणी घालत होते. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘महाराष्ट्र तै आए हो?’’ या भागातला रोड समाज स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो, हे मला ठाऊक होतं. पण माळीबुवांनी तो विषय काढला नाही. त्यांनी पाऊस कुठवर आला ते विचारलं. कोकणात पोचलाय म्हटल्यावर बोटांवर मोजून म्हणाले, ‘‘तो म्हारे धोरे तीन हफ्ते.’’

शेजारची कुंडी

परत आल्यावर दिव्याच्या उजेडात माझं लक्ष होस्टाच्या शेजारच्या कुंडीकडे गेलं. तीत जमिनीलगत रुंद पानं पसरली होती. वर चंदेरी-हिरवी नक्षी, खालून जांभळट.

‘‘हाही होस्टाच?’’

ताई खो खो हसली. ‘‘रत्नागिरीची ना तू? भुईचाफा ओळखत नाहीस?’’

लाज वाटली. आजीच्या परसात पावसाच्या तोंडावर उघड्या जमिनीतून थेट फूल वर यायचं, जांभळं-पांढरं, सुवासिक. पानं मागाहून. फूल आठवत होतं, पानांकडे कधी बघितलंच नव्हतं. ताईनं चार वर्षांपूर्वी माहेराहून दोन गड्डे आणले. होस्टासाठी केलेल्या सावलीतच लावले. उन्हाळ्याला हा भीत नाही. सावली आणि ओल मिळाली की झालं. हिवाळ्यात तोही झोपतो. मात्र त्याची झोप वेगळी. थंडीत कुंडी कोरडी ठेवून घरात घ्यावी लागते, नाहीतर गड्डा सडतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत होस्टा नीट होत नाही, तेव्हा तिथले लोक याच कुळातली झाडं लावतात आणि त्यांना चक्क ‘दक्षिणेचा होस्टा’ म्हणतात!

आणखी एक योगायोग मला दिल्लीला परतल्यावर पुस्तकांत सापडला. होस्टाचं वर्णन युरोपात पहिल्यांदा छापलं ते एंगलबर्ट केम्फर या जर्मन डॉक्टरनं, १७१२ साली. डच कंपनीच्या नोकरीत तो जपानला गेला होता. पुढे लिनियसनं त्याच्या नावावरून वनस्पतींच्या एका कुळाला ‘केम्फेरिया’ नाव दिलं. आपला भुईचाफा त्याच कुळातला. ताईच्या पडवीत दोघं शेजारी बसले आहेत ते तिच्या हातून, तिला हे काहीच ठाऊक नसताना. फोन करून सांगितलं तर म्हणाली, ‘‘म्हणजे सोयरीक जुनी आहे तर.’’

भुईचाफा मार्चमध्ये पुण्याला जाईल. कोथरूडच्या उत्तरेच्या बाल्कनीत त्याला काहीच अडचण नाही. होस्टाचं काय, हे मी निघायच्या सकाळी ठरलं.

शेजारी एक पंजाबी कुटुंब राहतं. घरातल्या आजीबाईंना सगळे बीजी म्हणतात. फाळणीत त्या तान्ह्या असताना आईच्या कडेवरून इकडे आल्या. दुपारी दोनला पाणी घालणारा मुलगा त्यांचाच नातू. त्या पडवीत आल्या, गुडघ्यावर हात ठेवून कुंडीशी वाकल्या आणि ताईची सगळी शिकवणी त्यांनी ऐकून घेतली. वाळू, चिंधी, भुसा, पहाटेचं पाणी. मग विचारलं, ‘‘और सर्दी में सूख गया तो? फेंक दूँ?’’

‘‘नहीं बीजी!’’ ताई जवळजवळ ओरडलीच. ‘‘सूखेगा ही. कुछ मत करना. मार्च तक सोने देना.’’

बीजींनी मान डोलावली आणि नातवाला हाक मारली. तो वहीचं पान घेऊन आला. ताई सांगत गेली आणि त्यानं हिंदीत सगळं उतरून घेतलं. ‘सुबह’ या शब्दाखाली त्यानं आपण होऊन दोन रेघा मारल्या.